उजव्या हातातला पेंटर

बदलापूरला आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की कोणीतरी माझी ओळख करून देतं, "हे काका पितळेवर कोरीव काम करायचे." मी तिथल्या तिथे चूक दुरुस्त करतो. बायको म्हणते, जाऊ द्या की, त्यांना काय फरक पडतो. पण मला पडतो. कोरणारा वेगळा. तो छिन्नी धरतो, ठोकतो, घाम गाळतो. मी एचिंगवाला. पितळेवर कुठे खायचं आणि कुठे तोंड लावायचं नाही, एवढं मी ठरवायचो. खायचं काम फेरिकचं.

ते फेरिक म्हणजे चहाच्या चोथ्याच्या रंगाचं एक पाणी. पत्रा आधी घासून लख्ख करायचा, त्यावर काळं डांबरी वार्निश द्यायचं आणि वाळलं की सुईने त्यात चित्र काढायचं. सुई जाते तिथे वार्निश निघून पितळ उघडं पडतं. मग पत्रा फेरिकच्या ट्रेमध्ये ठेवायचा. उघडं असेल तेवढंच पितळ ते खातं. शेवटी वार्निश धुवायचं, खाल्लेल्या रेघांत काळा रंग भरायचा, वरून पुसायचं, झाली प्लेट. सांगायला दोन मिनिटं लागतात. हाताला वळण पडायला मला चार वर्षं लागली, आणि बोटं कायमची पिवळी झाली ती वेगळीच. लग्न ठरताना मुलीकडच्या मामांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलाला कावीळ तर नाही ना.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये टेकचंदशेठच्या वर्कशॉपमध्ये मी तेवीस वर्षं काढली. दारावरच्या पाट्या, सत्काराच्या प्लेटा, मशीनवर लावायच्या पट्ट्या. गिऱ्हाइकं एकेक नमुने. अंबरनाथच्या एका फॅक्टरीतले साहेब निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच पाटी करून घेऊन गेले. नावाखाली 'निवृत्त वर्क्स मॅनेजर'. तेव्हा ते मॅनेजर नव्हते आणि निवृत्तही नव्हते. म्हणाले, झालो तर तयार असावी, ऐन वेळी धावपळ नको. मॅनेजर काही ते झाले नाहीत. मग पाटी घेऊन परत आले आणि 'वर्क्स मॅनेजर' तेवढं भरून काढा म्हणाले. भरून काढलं. त्यांच्या दारावर नुसतं 'निवृत्त' राहिलं. दुसरे एक बदलापूरचे गृहस्थ. त्यांना 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी हवी होती, वर कुत्र्याचं तोंड. घरी कुत्रा नव्हता, त्यामुळे नमुन्याला फोटो नव्हता. मी विचारलं, चेहरा कसा काढू? त्यांनी पाकिटातून मेव्हण्याचा फोटो काढला आणि म्हणाले, डोळे असे करा. केले. पाटीचा चांगला उपयोग झाला असं नंतर कळवलं त्यांनी. मेव्हणा यायचा बंद झाला होता.

पण ज्यांच्या अंकासाठी हे लिहितोय त्या संपादकांनी विचारलं, की एवढ्या वर्षांत कोणती प्लेट लक्षात राहिली, तर ती एकच. कांबळे पेंटरची. आणि ती मी चुकवली.

त्या चुकीचं मूळ आधी सांगायला हवं. शेठकडे येण्याआधी अकरा वर्षं मी छापखान्यांसाठी जस्ताचे ब्लॉक करत होतो. लग्नपत्रिकेवरचे गणपती, मंगल कलश, सनईवाले. ब्लॉक कायम उलटा करावा लागतो, कारण तो कागदावर दाबला की छाप सुलटी येते. त्यामुळे तिथे बटरपेपरवर काढलेलं चित्र पत्र्यावर पालथं ठेवायचं आणि मागून घासायचं, की रेघा पत्र्यावर उतरतात. दारावरच्या पाटीचं तसं नाही. ती छापायची नसते, बघायची असते. तिथे चित्र उताणं, खाली कार्बन घालून. एवढासा फरक. अकरा वर्षं पालथं घातलेल्या हाताला मात्र तो मोठा असतो. पाटीवर अक्षरं असायची म्हणून मी सावध राहायचो. अक्षर उलटं पडलं की शेंबडं पोरही सांगतं. चेहऱ्याचं तसं नाही. तो उलटा पडला तरी चेहराच दिसतो.

कांबळे पेंटर अंबरनाथ पूर्वेला राहायचा. अर्जुन नाव, पण सगळे पेंटरच म्हणायचे आणि तो मला मास्टर म्हणायचा. कॅम्प पाचच्या बाजारातल्या जवळजवळ सगळ्या दुकानांचे बोर्ड त्याच्या हातचे. जयंतीचे बॅनर तो करायचा, गणपतीमागचे पडदे तो करायचा आणि सिंध्यांच्या झुलेलाल देवाची मासळीही तोच रंगवायचा. डावखुरा होता. जुने सिंधी दुकानदार आपल्या लिपीत बोर्ड मागायचे. ती उजवीकडून डावीकडे जाते आणि बाकीच्या पेंटरांचा हात ओल्या रंगावरून फिरायचा. ह्याचा नाही फिरायचा. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्याला त्यातलं, पण म्हातारे सिंधी बोर्डाखाली उभे राहून डोळे पुसायचे. अक्षर म्हणजे कांबळेचंच, असं मी छातीठोक सांगतो. मी स्वतः अक्षरवाला आहे, उगाच कोणाला बरं म्हणणाऱ्यातला नाही.

नव्वद सालानंतरची तीनचार वर्षं उलटली होती. बाजारात कॉम्प्युटरवर स्टिकर कापायची मशिनं येऊ लागली होती आणि टेकचंदशेठच्या मनात ती भरली होती. त्यातच आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई फेरिकच्या वासाने खोकायच्या आणि खोकून झालं की शेठशी भांडायच्या. एका सकाळी शेठ माझ्या टेबलाशी आला, ट्रेमध्ये वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मास्टर, तुम्हारा टेबल मुझे नहीं काटता. पर एक भी प्लेट वापस आई ना साईं, तो टेबल उठाऊँगा, मशीन बिठाऊँगा." माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. मुलगी बारावीला. ब्लॉकचे कारखाने केव्हाच बंद पडलेले. टेबल गेलं तर पिवळी बोटं घेऊन मी जाणार कुठे, हा प्रश्न मला जेवताना पडायचा, आंघोळीला पडायचा.

आणि त्याच महिन्यात कॅम्प पाचच्या व्यापारी मंडळाने पेंटरचा सत्कार ठरवला. पंचवीस वर्षं बोर्ड रंगवल्याबद्दल शाल, नारळ आणि पितळेच्या प्लेटवर त्याचं चित्र. मंडळाचे अध्यक्ष हासानंदसाईं, कापडवाले. त्यांनी ऑर्डर शेठला दिली आणि शेठने मला.

मी हरखलो. माणसाचं चित्र, तेही आपल्यातल्या माणसाचं, असं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं. पेंटरचा धड एक फोटो नव्हता, म्हणून मी त्याला समोर बसवला. तीन दुपारी बसला बिचारा. डाव्या हातात ब्रश, उजव्या गालावर वाटाण्याएवढा तीळ, कपाळावर रंगाचा एक जुना डाग. बसल्या बसल्या माझ्या चुका काढत होता. नाक लांब झालं, कान खाली आला. मी म्हणालो, तू झुलेलालला विचारून रंगवतोस का? गप बस. तसा तो चार मिनिटं गप्प बसायचा.

चित्र झकास उतरलं. बटरपेपरवरचा तो चेहरा मी अजून डोळे मिटून काढू शकतो. मग मी वार्निश दिलेला पत्रा पुढ्यात घेतला आणि आनंदाच्या भरात, जुन्या सवयीने, कागद पालथा ठेवून घासला. नाव खाली वेगळ्या पट्टीवर जायचं होतं, म्हणजे सावध करायला एक अक्षर नव्हतं. सुई चालवली, फेरिकमध्ये टाकला, धुतला, काळं भरलं. दोन दिवस ती प्लेट समोर ठेवून मी खूश होत होतो. इतकी वर्षं सगळं उलटं बघितलेल्या डोळ्यांना त्यात वावगं काय दिसणार? शेठही म्हणाला, एकदम आदमी बैठा है. प्लेट मंडळाकडे गेली.

चूक पकडली बनवारीने. बनवारी म्हणजे त्या बाजारातला न्हावी. वीस वर्षं तो पेंटरची दाढी करत होता. दुकानदारांना तीळ आहे हे माहीत होतं, कुठल्या गालावर ते एकाला सांगता येईना. बनवारीला तो टाळून वस्तरा फिरवावा लागायचा, त्याला नकाशाच पाठ. प्लेट बघून तो म्हणाला, तीळ ह्या बाजूला नाही. आणि ब्रश उजव्या हातात कसा? झालं. मंडळात दोन तट पडले. हासानंदसाईंनी मला, शेठला आणि पेंटरला बोलावून घेतलं आणि बैठक भरली ती बनवारीच्या दुकानात, कारण मुद्दा त्याचा होता.

पेंटरला न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. शेजारी स्टुलावर प्लेट. आठ-दहा कर्ते व्यापारी एकदा इकडे, एकदा तिकडे बघतायत. मी पण बघितलं. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. तोंड उघडणार तेवढ्यात फर्निचरवाला एक जण आरशात बघून ओरडला, अरे, बरोबर तो है! आरशातल्या पेंटरशी प्लेट तंतोतंत जुळत होती. मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. अर्धे म्हणाले आरसा खोटं बोलत नाही. अर्धे म्हणाले सत्कार खुर्चीतल्या माणसाचा आहे, आरशातल्याचा नाही. एक जण म्हणाला, मग प्लेट आरशासमोर धरूनच द्यावी. बनवारी म्हणाला, माझा आरसा मी कुठल्याही सत्काराला देणार नाही. शेवटी हासानंदसाईंनी हात वर केला आणि थेट पेंटरला विचारलं, तुम बोलो, ये तुम हो या नहीं?

शेठ माझ्याकडे बघत होता. पेंटरने प्लेट उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाला, "हा मीच. रोज सकाळी बघतो की ह्याला."

ब्रशचं काय, असं बनवारीने विचारलं. तर म्हणाला, मोठं अक्षर मी उजव्याने काढतो, तुमचं लक्ष नसतं.

लोक हसले. जगाची तोंडं रंगवतो आणि स्वतःचं थोबाड ओळखत नाही, अशी मस्करी झाली. त्या दिवसापासून बाजारात तो दिसला की कोणीतरी आरसा दाखवायचं. आणि मी? मी सुटलो म्हणून देवाचे आभार मानले. मला खरंच वाटलं, की माणूस स्वतःला आरशातच बघतो, त्यामुळे पेंटर फसला. घरी येऊन बायकोला हे हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, चित्रं काढणारा माणूस आहे तो, त्याला आपला हात कुठला ते कळत नाही होय? मी म्हणालो, तुला ह्यातलं काही समजत नाही. पुढचे पंधरा दिवस पेंटर येता-जाता वर्कशॉपमध्ये डोकावायचा, चहा घ्यायचा, माझ्या तोंडाकडे बघत बसायचा आणि निघून जायचा. मी हवापाण्याच्या गोष्टी करायचो.

बनवारी मात्र पेटला होता. वीस वर्षांच्या वस्तऱ्याचा प्रश्न होता. त्याने हासानंदसाईंकडून कबूल करून घेतलं, की सत्काराच्या दिवशी स्टेजवर प्लेट पेंटरच्या तोंडाशेजारी धरायची, आणि नाही जुळली तर वर्कशॉपला परत.

सत्कार रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बाजारातल्याच चौकात. मांडव, सतरंज्या, दोन हॅलोजन. दीड-दोनशे माणसं. शेठ पहिल्या रांगेत, मी त्याच्या शेजारी. पेंटर आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, उजव्या हातात ब्रश धरून. आणि डाव्या गालावर तीळ.

मी डोळे चोळले. उजवा गाल एकदम साफ. कातडीच्या रंगाचा असा काही हात मारला होता त्याने, की मला, रोज बघणाऱ्याला, जागा सापडेना. प्लेट शेजारी धरली. जुळली. मांडवात टाळ्या पडल्या. बनवारी स्टेजवर चढून नाकाला नाक लावून बघून आला आणि खाली उतरून नुसता खुर्चीत बसला. स्वतःशीच म्हणत होता, मग मी वीस वर्षं कोणाची दाढी करत होतो?

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पेंटरला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. बनवारीच्या खुर्चीत बसून त्याने जे सांगितलं ते माझ्या टेबलासाठी सांगितलं होतं. लाज वाटली, पण उठलो नाही. शाल झाली, नारळ झाला, आता संपेल, असं मनाशी म्हणत बसून राहिलो. हार जाड होता, हॅलोजन तापले होते, पेंटरला घाम फुटला. डाव्या गालावरचा तीळ हळूहळू हनुवटीकडे निघाला आणि उजवीकडचा खरा वर यायला लागला. थोडा वेळ त्याला दीड तीळ होते.

बनवारीने ते बघितलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, तीळ-बिळ राहू दे. प्लेट सच्ची है तो उस हाथ से लिखके दिखाओ.

स्टेजवर मंडळाचा नवा बोर्ड ठेवला होता, रंग देऊन तयार. पहिली 'श्री' पेंटरच्या हातून घालायची, असं ठरलेलंच होतं. हासानंदसाईं म्हणाले, चलो, ये भी ठीक. दोनशे माणसं बघतायत. पेंटरने ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळला आणि उजव्या हाताने बोर्डाला लावला.

उभी रेघ ओढली त्याने. पहिलीतल्या पोराची रेघ बरी. थरथरत गेली, मध्ये फुगली, खाली वाकडी झाली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. पंचवीस वर्षं ज्याच्या अक्षराला बाजाराने नाव ठेवलं नाही, त्याच्या अक्षराला हसले. त्याचा कान लाल झालेला मला खालून दिसला. पण त्याने ब्रश परत रंगात बुडवला, पुढची रेघ ओढायला. तो थांबणार नव्हता. मी बोललो नसतो तर अख्खी 'श्री' त्याने तशीच काढली असती.

मी उठलो. "पेंटर," मी म्हणालो, "डाव्या हाताने लिही."

मग बाकीचं सगळं बोलून टाकलं. कागद पालथा ठेवला, चूक माझी, बनवारी खरा, पेंटरने माझ्यासाठी तोंड रंगवलं. शेठकडे बघायची हिंमत नव्हती. आणि हासानंदसाईं वैतागून म्हणाले, मास्टर, बैठो ना, प्रोग्राम क्यों बिगाड़ते हो. कोणाला त्याची पडलेलीच नव्हती. बनवारी तेवढा रडत होता, आनंदाने.

पेंटरने ब्रश डाव्या हातात घेतला आणि बाकीची 'श्री' काढली. काय काढली.

शेठने प्लेट मागितली, कबूल झाल्याप्रमाणे. पेंटरने ती काखेत मारली. म्हणाला, सत्कारात मिळालेली वस्तू परत देत नसतात, अपशकुन होतो. हासानंदसाईंना ते लगेच पटलं. प्लेट परत आली नाही, त्यामुळे शेठचा शब्द त्याच्याच गळ्यात पडला आणि टेबल राहिलं. पुढे चार वर्षांनी मशीन आलंच, ते कोणालाच चुकलं नाही. पेंटरचे बोर्डही हळूहळू उतरले.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी स्टेजवर गेलो. पेंटर रॉकेलच्या फडक्याने गाल पुसत होता. माफी कशी मागतात ते मला कधी नीट जमलेलं नाही. मी म्हणालो, एवढं करायची काय गरज होती?

"पंधरा दिवस चहाला येत होतो तुझ्याकडे," तो म्हणाला. "वाटलं, आज बोलशील."

बोर्ड समोर होता. डाव्या हाताची ती देखणी 'श्री', आणि तिच्यात ती एक वाकडी, फुगलेली रेघ. रंग अजून ओला होता. मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि ती पुसायला वाकलो. त्याने माझं मनगट धरलं.

"ती नको पुसू," तो म्हणाला. "ती तुझी आहे."

बोर्ड सात-आठ वर्षं होता त्या चौकात. मी कॅम्प पाचला गेलो की मुद्दाम त्याच्यासमोरून जायचो.